सोनेरी पिसांचं गणित

क्लेअरच्या फोनला रेंज नाही. ‘अ शॉर्ट हाइक’ या छोट्याशा व्हिडिओ गेमची सगळी गोष्ट या एका अडचणीवर उभी आहे. क्लेअर ही वयाने किशोरी, स्वभावाने जराशी कंटाळलेली अशी एक पक्षीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मे मावशीकडे राहायला आली आहे. मावशी हॉक पीक प्रोव्हिन्शियल पार्क नावाच्या, एका बेटावरच्या उद्यानात रेंजर म्हणून काम करते. क्लेअर एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि मावशीच्या खोपटापाशी मोबाइलला सिग्नलच नाही. मावशी सहज सुचवते, हॉक पीकच्या शिखरावर जा, तिथे रेंज येते. झालं. खेळणाऱ्याला इथून पुढे एवढंच काम. वर जायचं.

कॅनडाच्या अ‍ॅडम रॉबिन्सन-यू याने हा गेम जवळपास एकट्याने बनवला. संगीत मार्क स्पार्लिंगचं. ३० जुलै २०१९ रोजी तो संगणकावर सर्वांसाठी खुला झाला, २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला आणि २०२१ मध्ये प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. रमतगमत पण शिखराचं भान ठेवून खेळलं तर दीड तासात संपतो. कोपरान् कोपरा धुंडाळायचा तर तीन-चार तास. साठ-सत्तर तासांचे गेम विकत घेऊन अर्ध्यात सोडून देणाऱ्या माणसांना हा आकडा वाचूनच बरं वाटतं.

मोठं होण्याच्या गोष्टी सिनेमात आणि कादंबरीत पुष्कळ आहेत. तिथे नायिकेला काहीतरी कळतं, आणि तिला ते कळलं हे आपल्याला कळतं. या गेममध्ये क्लेअर असलं काही बोलून दाखवत नाही. तिच्यात होणारा बदल खेळणाऱ्याच्या अंगठ्यांत आणि डोळ्यांत होतो. हे कसं घडवून आणलं आहे ते समजून घ्यायचं तर गेमचं यंत्र उघडून बघायला हवं. सुरुवात पिसांपासून.

बटण दाबलं की क्लेअर उडी मारते. तेच बटण हवेत दाबून धरलं की पंख पसरून तरंगत खाली येते. एवढं तिला पहिल्यापासून येतं आणि त्याला खर्च नाही. पण हवेत असतानाच आणखी एकदा पंख फडफडवून वर जायचं असेल, तर एक सोनेरी पीस लागतं. उभ्या कड्याला बिलगून चढायचं असेल तरी पीसच लागतं, आणि तेही चढता चढता झिजत जातं. पहिलं संपलं की दुसरं सुरू होतं. सगळी संपली की पकड सुटते. मग पुन्हा पंख पसरायचे आणि खाली यायचं. जमिनीवर पाय टेकले की सगळी पिसं आपोआप भरतात.

म्हणजे ही पिसं खर्चून टाकायची नाणी नाहीत. तो क्लेअरचा दम आहे. एक पीस मिळालं की दम कायमचा एका पिसाने वाढला, तो परत कमी होत नाही. पडल्याची शिक्षा नाही, जीव जात नाही, ‘गेम ओव्हर’ असा फलक येत नाही. वेळेचं घड्याळही मागे लागलेलं नाही. पडलात तर जिथून निघालात त्याच्या आसपास पोचता, एवढंच.

आता समजा, समोर एक कडा आहे आणि गाठीला दोन पिसं आहेत. नवखा खेळाडू थेट भिंतीला जाऊन चिकटतो, दोन्ही पिसं संपवतो, आणि माथा हाताशी आला असताना खाली येतो. दोन-चार वेळा असं झालं की तो जरा मागे सरून कड्याकडे बघायला लागतो. मध्ये एक बारीकशी पायरी दिसते. तिथपर्यंत एका पिसात पोचता आलं तर पाय टेकतील, पिसं भरतील, आणि उरलेला कडा पुन्हा दोन पिसांच्या दमावर चढता येईल. मग कळतं की कड्याला बिलगण्याआधीच चांगली उडी घेतली तर तेवढी उंची फुकटात पदरात पडते. मग हेही कळतं की शेजारच्या उंच दगडावरून तरंगत आलं तर भिंतीला बरंच वर गाठता येतं. हे सगळं कुणी शिकवत नाही. पडद्यावर सूचनांची पाटी लटकत नाही. तासाभराने त्याच दोन पिसांत तोच खेळाडू सुरुवातीच्या दुप्पट उंची गाठतो, आणि आपल्याला कधीतरी हे येत नव्हतं हेही त्याच्या लक्षात राहत नाही.

माझ्या मते गेमचं खरं कौशल्य इथे आहे. पिसांची संख्या वाढते, ती मोजता येते. नजर वाढते, ती मोजता येत नाही. बेट तेच असतं, पण ज्या कड्याकडे आधी नुसतं दृश्य म्हणून पाहिलं होतं तो आता वाट म्हणून दिसायला लागतो.

चढता चढता दम संपण्याची ही कल्पना नवी नाही. २०१७ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मध्ये नायक कुठल्याही डोंगरावर चढू शकतो आणि त्याच्या दमाचं हिरवं चक्र कमी होत जातं. ज्यांनी तो खेळला आहे त्यांना ‘अ शॉर्ट हाइक’ मध्ये ओळखीचं काही सापडेल. पण तिथे दम हे हजार गोष्टींपैकी एक होतं. तलवारी, राक्षस, हवामान, स्वयंपाक, सगळंच होतं. इथे बाकीचं काढून टाकून तेवढंच ठेवलं आहे.

पुढचा प्रश्न असा की क्लेअर पहिल्याच दहा मिनिटांत शिखरावर का पोचत नाही? साधारण गेममध्ये याचं उत्तर कुलूप असतं. दार बंद आहे, किल्ली आणा. पूल तुटला आहे, लाकडं आणा. वाटेत राक्षस बसला आहे, मारा. हॉक पीकवर कुलूप नाही. शिखराकडे जाणारी वाट खुली आहे, पाट्या लावलेल्या आहेत, कुणीही अडवत नाही. फक्त वरच्या टप्प्यात कडे उंच होत जातात आणि तुमचा दम कमी पडतो. खेळणारा स्वतःच मागे फिरतो आणि स्वतःच ठरवतो की अजून दोन-तीन पिसं हवीत. ‘तुला परवानगी नाही’ आणि ‘तुला अजून जमत नाही’ यांत केवढा फरक आहे हे कुठल्याही तेरा वर्षांच्या मुलीला विचारा.

बेटावर एकूण २० सोनेरी पिसं आहेत. शिखर गाठायला साधारण सात पुरतात. मला या दोन आकड्यांमधलं अंतर फार महत्त्वाचं वाटतं. सातच पिसं ठेवली असती तर ती शोधणं हे हजेरीपटावर खुणा करण्यासारखं झालं असतं, आणि एखादं सापडलं नाही की गाडी अडली. जवळपास तिप्पट ठेवल्यामुळे कुठल्याही दिशेला भटका, काही ना काही हाती लागतंच. एक खेळाडू समुद्रकिनाऱ्यावरून सुरू करतो, दुसरा थेट रानात घुसतो, तिसरा नाणी गोळा करून पिसं विकत घेतो. तिघेही वर पोचतात. कुणाच्या वाटेत कोण भेटलं आणि कोण राहून गेलं, हे मात्र वेगवेगळं.

शिखराजवळ आणखी एक डाव आहे. बर्फ सुरू झाला की थंडीने पिसं गोठतात. वापरलेलं पीस जमिनीवर पाय टेकूनही परत भरत नाही. आतापर्यंत ज्या नियमावर विसंबून होतो तोच काढून घेतला जातो. आता दम खरोखरच मोजून वापरावा लागतो. वाटेत गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे पोचलं की पिसं वितळून पुन्हा कामाला येतात. म्हणजे खाली पायरी ते पायरी असा विचार करत होतो, तो आता झरा ते झरा असा करायचा. शेवटच्या परीक्षेसाठी नवं बटण किंवा नवा शत्रू आणलेला नाही. जुनाच नियम एका बाजूने घट्ट केला, आणि त्यातून दीड तासाच्या गेमला शेवटी थोडी धडधड मिळाली.

वर जाणं महाग आहे तसं खाली येणं मात्र फुकट आहे, आणि ते नुसतं फुकट नाही तर गेममधली सगळ्यात सुखाची गोष्ट तीच आहे. सह्याद्रीत चढण संपल्यावर हायसं वाटतं आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. क्लेअरचं उलट आहे. कुठूनही उडी टाकायची, पंख पसरायचे, आणि खालचं रान, पाणी, घरांची छपरं बघत तरंगत जायचं. सूर मारून वेग घेता येतो, वळता येतं. या फुकट उतरणीचा डिझाइनमध्ये एक पक्का उपयोग आहे. खेळणारा अर्ध्या डोंगरावर आहे आणि त्याला खाली किनाऱ्यावर काहीतरी चमकताना दिसलं, तर तिकडे जायला त्याला जिवावर येत नाही. एक मिनिट तरंगायचं, बघून यायचं. चढून मिळवलेली उंची वाया जाण्याचा हिशेब आड येत नाही, कारण तरंगण्यात ती वसूल झालेली असते. वाट सोडून भटकण्याची किंमतच एवढी कमी ठेवली आहे की माणूस भटकतोच. आणि गोष्टीतला सगळा माल मुख्य वाटेच्या बाहेर ठेवलेला आहे.

गेममध्ये नकाशा नाही. होकायंत्र मिळतं, वाटेवर पाट्या आहेत, पण कोपऱ्यात लुकलुकणारा ठिपका नाही की ‘पुढचं काम इथे’ असं सांगणारा बाण नाही. सुरुवातीला चिडचिड होते. मग वाटा आपल्याच डोक्यात बसायला लागतात. इथे एक चित्रकार उभा होता, त्याच्या वरच्या बाजूला पडकी इमारत, तिथून दीपगृह दिसतं. बेट खरं तर लहान आहे. नकाशा दिला असता तर ते किती लहान आहे ते पहिल्याच क्षणी उघड झालं असतं. वाटा वळसे घेत डोंगराला गुंडाळलेल्या असल्यामुळे एका नजरेत सगळं दिसत नाही. कॅमेराही खेळणाऱ्याच्या हाती पूर्ण सोपवलेला नाही, तो जागेनुसार आपला कोन बदलतो. कुठे कडा उंच दिसावा म्हणून खाली जातो, कुठे दरी उघडावी म्हणून मागे सरतो. त्याचा त्रासही होतो. भिंत चढत असताना अचानक कोन बदलला की डावं-उजवं चुकतं आणि एक पीस फुकट जातं. या गेममधली एवढी एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकली.

वाटेत भेटणारी माणसं हा गेमचा दुसरा अर्धा भाग. माणसं म्हणायचं, पण ती सगळी पक्षी आणि प्राणी आहेत. त्याचं कुणालाही नवल नाही. पंख असलेली मुलगी डोंगर पायी चढतेय याचंही नाही. किनाऱ्यावर वाळूचा किल्ला करणारं एक पोर आहे. एका छोट्याला हार करायला पंधरा शंख हवे आहेत. शर्यतीची तयारी करणाऱ्या एका धावपटूचा लकी हेडबँड हरवला आहे, आणि तो सापडेपर्यंत पळणं तिला शक्य नाही असं तिचं ठाम मत आहे. एक चित्रकार आहे, तो दर वेळी वेगळ्याच ठिकाणी भेटतो आणि दर वेळी आपल्या चित्रांबद्दल साशंक असतो. एव्हरी नावाचा एक पोरगा शर्यत लावायचं आव्हान देतो. कुणी मासे पकडतंय, कुणी काठ्यांनी चेंडू झेलण्याचा एक खेळ मांडून बसलंय. तो चेंडू जमिनीवर न पडू देता किती वेळा टोलवला जातो याची मोजदाद होते, आणि दहाच्या पुढे गेलं की हात घट्ट होतात.

या सगळ्यांमध्ये देवघेवीचे धागे विणलेले आहेत. खेळण्यातलं फावडं आणि खरं फावडं यांची अदलाबदल होते. फावडं मिळालं की वाळूत आणि मातीत खुणा केलेल्या जागा खणता येतात. कुदळ मिळाली की वाट अडवणारे दगड फोडता येतात. बादली मिळाली की पाणी भरून कोमेजलेल्या रोपांना घालता येतं. ती टरारून फुलली की त्यांच्यावर उडी मारून क्लेअर चेंडूसारखी वर फेकली जाते, तेही पीस न खर्चता. एक वस्तू दुसरी वाट उघडते, ती वाट तिसऱ्या माणसापाशी नेते. पण कुठेही कामांची यादी पडद्यावर चिकटवलेली नाही. कुणी काय मागितलं ते तुम्ही लक्षात ठेवायचं, किंवा विसरायचं. विसरलात तरी कुणी रुसत नाही.

‘कोझी’ म्हणून गेल्या काही वर्षांत जे गेम निघाले आहेत त्यांतल्या बऱ्याच गेमचं दुखणं नेमकं इथे आहे. रंग मऊ, संगीत मऊ, आणि आत मात्र शेतीची, पाणी घालण्याची, मालाचे गठ्ठे पोचवण्याची कधी न संपणारी यादी. विश्रांतीच्या नावाखाली दुसरी नोकरी. हॉक पीकवर केलेलं प्रत्येक काम ऐच्छिक आहे, आणि केलं की त्याचा उपयोग लगेच हाताला कळतो.

संवाद कसे चालतात तेही बघू. एक-दोन ओळींचे फुगे, त्यांत कधी हलणारी, थरथरणारी अक्षरं, अधूनमधून क्लेअरने काय म्हणायचं याचे पर्याय. यामागे यार्न स्पिनर नावाचं मोफत साधन आहे. ते मुळात ‘नाइट इन द वूड्स’ या दुसऱ्या एका गेमच्या संवादांसाठी जन्माला आलं आणि पुढे अनेक छोट्या निर्मात्यांनी उचललं. त्याची पद्धत सोपी आहे. लेखक नाटकाच्या संहितेसारखा साधा मजकूर लिहितो, त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव देतो, आणि मध्ये अटी घालतो. क्लेअरकडे फावडं असेल तर हा तुकडा, नसेल तर तो. हेडबँड सापडलेला पण अजून दिलेला नसेल तर तिसरा. ‘आधी भेट झाली आहे का’ एवढ्या एका अटीवरही पात्र जिवंत वाटायला लागतं, कारण दुसऱ्या भेटीत ते पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देत नाही. लिहिणारा आणि प्रोग्रॅम करणारा एकच माणूस असेल तर असं साधन फार कामाचं. संवादातला एक शब्द बदलायला कोड उघडून बसावं लागत नाही.

क्लेअरचं बोलणंही जमून आलं आहे. मोठ्यांशी थोडी तुटक, बरोबरीच्यांशी जरा टिंगल करणारी, लहान मुलांशी सांभाळून घेणारी. मावशीपाशी डोंगर चढायचं नाव काढताना तिच्या सुरात कंटाळा आहे. वाटेत मात्र तीच इतरांना धीर देताना सापडते. कुणी सगळं गोड गोड आहे अशी तक्रार करेल. बेटावर खरंच कुणी दुष्ट नाही. पण धास्तावलेले बरेच आहेत. कुणाला आपण कमी पडू असं वाटतं, कुणाला पैशांची चिंता आहे, कुणी हरण्याला भितो. गोडवा त्या धास्तीच्या वर पातळ पसरलेला आहे, म्हणून तो तोंडात बसत नाही.

आता दिसण्याबद्दल. पडद्यावर मोठमोठे चौकोनी ठिपके दिसतात, जुन्या निन्टेंडो डीएसच्या चिमुकल्या पडद्याची आठवण करून देणारे. पण हे हाताने ठिपका ठिपका भरून काढलेलं चित्र नाही. आतलं बेट पूर्ण त्रिमितीय आहे, युनिटी या गेम-इंजिनमध्ये बांधलेलं. इंजिन प्रत्येक क्षणी कॅमेऱ्यासमोरचं दृश्य आधी मुद्दाम लहान आकारात, कमी ठिपक्यांत रंगवतं, आणि मग तेच चित्र कडा मऊ न करता ताणून पडद्याभर मोठं करतं. म्हणून झाड फिरताना खऱ्या वस्तूसारखं फिरतं, पण त्याची पानं ठिपक्यांत विरघळलेली असतात. एकट्या माणसाला याचा मोठा फायदा. दगडाचा पोत, गवताची पाती, चेहऱ्यावरच्या रेषा, यांत महिने घालवावे लागत नाहीत. थोडे रंग आणि ठळक आकार पुरतात, उरलेलं बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. ज्यांना हे ठिपके डोळ्यांना टोचतात त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये त्यांचा आकार लहान करायची सोय आहे. मी ती करून बघितली. चित्र स्पष्ट झालं आणि बेट जरासं उघडं पडलं. पुन्हा मोठे ठिपके केले.

संगीतही असंच जागेवर तयार होतं. मार्क स्पार्लिंगने एकसंध गाणी लिहून ती एकापाठोपाठ लावून दिलेली नाहीत. एकाच रचनेचे थर वेगळे ठेवले आहेत, आणि क्लेअर कुठे आहे, काय करते आहे, यावरून ते आत-बाहेर होतात. भजन सुरू असताना एकेक जण येऊन बसावा, कुणी टाळ उचलावे, कुणी पखवाजावर हात टाकावा, आणि भजन मात्र मध्येच तुटू नये, तसं. चालताना एक सूर, हवेत झेपावली की त्यावर दुसरा चढतो, बर्फात शिरली की वाद्यं बदलतात. खेळणाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असं नाही. त्याला एवढंच वाटतं की उडी टाकली तेव्हा गाणं आपल्याबरोबर उडालं.

हे सगळं जवळपास एका माणसाने किती दिवसांत उभं केलं? रॉबिन्सन-यू त्या वेळी एका मोठ्या रोल-प्लेइंग गेमवर काम करत होता आणि त्यात थकला होता. विसावा म्हणून त्याने लहान काहीतरी करायला घेतलं. हम्बल ही कंपनी तेव्हा आपल्या मासिक वर्गणीदारांसाठी छोटे गेम खास बनवून घेत असे. तिच्याकडून पैसा मिळाला आणि त्याबरोबर तारीखही. पहिली आवृत्ती सुमारे चार महिन्यांत तयार झाली आणि एप्रिल २०१९ मध्ये वर्गणीदारांना मिळाली. वर वर्णन केलेले बरेच निर्णय या चार महिन्यांच्या मुदतीच्या उजेडात पाहिले की वेगळे दिसतात. लहान बेट, मोठे ठिपके, एकच मुख्य नियम, लढाई नाही. प्रत्येक गोष्ट कामही वाचवते आणि गेमलाही शोभते. मोठ्या कंपन्यांत शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबून जे जग उभं करतात त्यात असा नेमकेपणा क्वचित सापडतो, कारण तिथे नको म्हणायची सक्ती कुणावर नसते.

मार्च २०२० मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार या गेमला मिळाला. करोनामुळे सोहळा सभागृहात न होता इंटरनेटवर झाला. प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कारही यालाच. त्या सर्वोच्च पुरस्काराला शेमस मॅक्नॅली याचं नाव आहे. तोही कॅनडाचाच, घरच्या माणसांबरोबर छोटी कंपनी चालवणारा. ‘ट्रेड मार्क्स’ या रणगाड्यांच्या गेमसाठी मार्च २००० मध्ये त्याने हाच पुरस्कार जिंकला आणि त्याच महिन्यात कर्करोगाने गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

इथून पुढे शेवट सांगतो आहे. स्वतः खेळायचं असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद नंतर वाचला तरी चालेल. शिखरावर क्लेअर पोचते आणि फोन वाजतो. आई बोलत असते. आईचं ऑपरेशन झालं आहे, आणि ते नीट पार पडलं आहे. क्लेअर ज्या फोनची वाट बघत होती तो हा. संभाषण छोटं आहे, रडारड नाही. पण आतापर्यंतचे दीड तास त्या क्षणी उलटे वाचले जातात. ती एवढी तुटक का होती, एका जागी बसवत का नव्हतं, आणि शंख गोळा करत, चेंडू टोलवत ती नेमकी काय विसरू पाहत होती. गेमने ही गोष्ट आधी सांगितली असती तर खेळणाऱ्याने सरळ शिखराकडे धाव घेतली असती आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर त्याला अपराधी वाटलं असतं. न सांगितल्यामुळे तो निवांत भटकला, आणि क्लेअरला त्या दुपारी नेमकी त्याचीच गरज होती.

फोन संपतो आणि शिखरावर वाऱ्याचा प्रचंड झोत उठतो. त्यात उडी टाकली की तो क्लेअरला वर, अजून वर नेतो. संबंध गेममध्ये वर जाण्याचा जवळजवळ प्रत्येक हात पिसांनी मोजून घेतलेला आहे. खेळणाऱ्याच्या बोटांना त्या हिशेबाची सवय झालेली आहे. इथे इतकी उंची प्रथमच काहीही न देता मिळते. दृश्य सुंदर आहेच, पण अंगावर काटा येतो तो नियम मोडल्यामुळे. सिनेमात हाच प्रसंग दाखवला असता तर आपण क्लेअरला उडताना पाहिलं असतं. इथे आपला अंगठा अजून बटणावर दाबलेला असतो आणि पिसं कमी होत नाहीत याचा त्याला विश्वास बसत नाही.

तरंगत खाली आलं की मावशी खोपटापाशी असतेच. तिच्याशी बोलून क्लेअर झोपायला गेली की श्रेयनामावली सुरू होते. पण लगेच जायलाच हवं असं नाही. मुलांना सोबत घेऊन खेळणार असाल तर त्यांना हा मधला वेळ जरूर द्या. संवाद इंग्रजीत आहेत, तेव्हा लहानांना वाचून दाखवायला कुणीतरी शेजारी बसावं लागेल. वाचण्याखेरीज कठीण असं काही नाही. फोन येऊन गेलेला असतो, वर जाण्याचं कारण संपलेलं असतं, तरी बहुतेक खेळाडू मावशीला चुकवून पुन्हा किनाऱ्याकडे वळतात. एव्हरीला अजून हरवायचं असतं, दहाबारा पिसं कुठेतरी पडलेली असतात, आणि त्या हाराचे पंधरापैकी चार शंख काही केल्या सापडत नसतात.